कॉटवर कुणी नाही

"आईला का तुमाला, मॅडम?" सोनाली एवढंच म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडून शेंगदाण्याच्या चटणीला लावला. बोलण्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. धाराशिवच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत दोघी रोजच्यासारख्या डबा खायला बसल्या होत्या, आणि राजेश्वरी गेली दोन वर्षं सांगत आली होती तेच आजही सांगत होती. आई कॉटवर झोपत नाही, फरशीवर झोपते, किती सांगितलं तरी ऐकत नाही, आईला मंत्रचळ लागलाय. सांगताना तिच्या डाव्या हातात मोबाईल होता. त्यावर तुळजापूरच्या घरातली आईची खोली दिसत होती आणि अंगठ्यानं ती खोली लहान-मोठी करून बघणं चाललं होतं. सोनाली प्रयोगशाळेत काम करायची, बेंबळी गावची, तोंडानं मोकळी आणि मनानं त्याहून मोकळी. तिनं मोबाईलकडं बघितलं, राजेश्वरीच्या अजून न उघडलेल्या डब्याकडं बघितलं आणि विचारलं. राजेश्वरी हसली, हसायचं म्हणून. मग डबा उघडून तिनं दोन घास खाल्ले, पण भाजी कसली होती हे तिला नंतर आठवेना.

हात धुऊन ती आपल्या टेबलाशी येऊन बसली तर सोनालीचा प्रश्न तिच्याआधी येऊन बसलेला. दुपारच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची मुलं वह्यांवर कपाळ टेकून पेंगत होती. वरचा पंखा कुरकुरत होता आणि खिडकीतून सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडून आत येत होता. ग्रंथपालाला एक सोय असते. एखादा शब्द टोचायला लागला तर तो कुठल्या कपाटात राहतो हे त्याला ठाऊक असतं. ती उठली, जुना जाडजूड कोश खाली काढला, ओढणीच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली आणि पान शोधलं. मंत्र जपताना चूक झाल्यामुळं डोक्यात होणारा बिघाड, असा काहीसा अर्थ दिला होता, पुढं एकदोन शब्द आणखी, आणि संपलं. दोन ओळी. आपण नक्की काय शोधायला आलो होतो हे तिला सांगता आलं नसतं. हा शब्द कुणाला लावायचा, आईला का आपल्याला, हे कोशात कुठून सापडणार. तिनं कोश जागेवर ठेवला आणि परत येता येताच मोबाईल उघडला.

हा शब्द तिला आप्पांनी दिला होता. तिचे वडील, योगीराज, यांचं तुळजापुरात महाद्वाराच्या अलीकडं हळदी-कुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं छोटंसं दुकान होतं, आणि समोर हरिबाचं पेढ्यांचं. हरिबा दुकान बंद करायचा, कुलूप लावायचा, ओढून बघायचा, चार पावलं जायचा आणि परत यायचा. पुन्हा ओढून बघायचा. कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा परत. गल्लीतली पोरं त्याच्यामागं तसंच चालून दाखवायची, यात्रेकरू गंमत बघत उभे राहायचे. आप्पा मात्र हसत नसत. "मंत्रचळ लागलाय बिचाऱ्याला," असं म्हणून ते गल्ल्यावरून उठायचे, समोर जाऊन स्वतः ते कुलूप ओढायचे आणि सांगायचे, "हरिबा, लागलंय. म्या बघितलंय. जा घरला आता." तेवढ्यावर हरिबा मान खाली घालून घरी जायचा. मंत्रचळ म्हणजे काय हो आप्पा, असं तिनं एकदा विचारलं होतं. "मंत्र म्हणताना एखादं अक्षर चुकतं गं. मग माणूस पहिल्यापासनं म्हणतो. तवा दुसरंच चुकतं. मग परत पहिल्यापासनं. मंत्र सरतच न्हाय त्याचा," आप्पा म्हणाले होते आणि कुंकवाच्या ढिगाचं टोक हातानं नीट करत राहिले होते.

इतके शब्द आहेत आसपास. तिच्या नवऱ्याच्या तोंडी 'नाद' असतो, सोनालीच्या तोंडी 'याड', प्राचार्य इंग्रजीतला शब्द वापरतात आणि वापरून झाल्यावर चष्मा पुसतात. पण नाद लागलेला माणूस निदान मजेत असतो, कुणी पत्त्यांच्या नादात, कुणी शर्यतीच्या बैलांच्या. नाद तर आता पोरं ट्रॅक्टरच्या मागं रंगवून मिरवतात. याड म्हणण्यात माया असते. 'याडी हाय माजी राजी,' असं आई तिच्या केसांत तेल जिरवताना म्हणायची. मंत्रचळात मजा नाही आणि मायाही नाही, नुसती दमणूक आहे. आणि हाच शब्द आपण उचलून आईला चिकटवला, नवऱ्याला सांगितला, पुण्यात शिकणाऱ्या लेकीला सांगितला, डॉक्टरांना सांगितला, आणि सांगताना कधी जीभ अडखळली नाही. ज्यानं शब्द दिला त्यानं तो लावल्यावर उठून कुलूप ओढून दाखवलं होतं, हे तेवढं आपण विसरलो.

कॉट घरात आली ती आप्पांच्या आजारपणात. लोखंडी, डोक्याकडची बाजू दांडा फिरवून वर करता येणारी, सोलापूरहून टेम्पोत घालून आणलेली. राजेश्वरीनंच आणली होती आणि तिला त्याचा अभिमानही वाटला होता, कारण आप्पांना त्यावर टेकून बसता येऊ लागलं होतं, खिडकीतून गल्ली दिसू लागली होती. मग दसरा आला. पहाटे सीमोल्लंघन करून देवी पलंगावर निद्रेला गेली आणि रीतीप्रमाणं घराघरांतल्या गाद्या गुंडाळल्या गेल्या. नऊ दिवस लढून देवी दमलेली असते, ती कोजागरीला उठेपर्यंत तुळजापूरची जुनी माणसं पलंगाला पाठ लावत नाहीत, उशी घेत नाहीत, भुईवर सतरंजी टाकून पडतात. आईही सतरंजीवर आली. आप्पा कसे येणार? त्यांना कूस बदलता येत नव्हती. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी त्यांचा श्वास वर लागला. शेजारची शिवम्मा, मूळची अक्कलकोटकडची, आईच्या सुखदुःखातली, तिनं आप्पांच्या पायाचे तळवे हाताळले आणि हळूच म्हणाली, "अक्का, खाली घ्या आता." जाणाऱ्या माणसाला कॉटवर ठेवत नाहीत. भुईला पाठ लागली की जीव सुखानं सुटतो, असं मानतात. आईनं राजेश्वरीकडं बघितलं. राजेश्वरी म्हणाली, "नाही. खाली घेतलं म्हणजे आपणच त्यांना सोडून दिलं." एका हातानं तिनं आप्पांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं कॉटची दांडी, कुणी ओढून नेईल म्हणून. कुणी ओढली नाही, कुणी वादही घातला नाही. आप्पा कॉटवरच गेले. खाली घेतलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं, पण ते सगळं मागून. त्या दिवसापासून आई त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं असं राजेश्वरीला वाटायचं.

आई धाराशिवला यायला तयार नव्हती. "जन्म हितं गेला, आता तुज्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन कुणाचं तोंड बघू?" म्हणून तर दिवाळीच्या आसपास कॅमेरा बसवला. शिवशंकरनं, तिच्या नवऱ्यानं, स्टूलवर चढून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर तो ठेवला, तांब्याएवढा, पांढरा. एरवी त्याचं तोंड दाराकडं असे. मोबाईलवर बोट फिरवलं की तो मान वळवून कॉट दाखवायचा. हेतू साधा होता. आई पडली-झडली तर कळावं. पहिल्या दिवशी राजेश्वरीनं बोट फिरवलं आणि कॉटवर कुणी नव्हतं. कोजागरी होऊन गेली होती, देवी केव्हाच उठून सिंहासनावर बसली होती, गल्लीतल्या गाद्या पुन्हा पसरल्या होत्या, आणि आई अजून खाली, कॉटच्या कडेला, हाताची उशी करून. राजेश्वरीनं लगेच फोन केला. "आई, कॉटवर झोप ना." "झोपते की," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पुन्हा खाली. ती पुढच्याच गाडीनं तुळजापूरला गेली, नवी चादर घातली, कॉटची बाजू आईला हवी तेवढी वर करून दिली. ती उभी होती तोवर आई शहाण्या पोरीसारखी कॉटवर पडून राहिली. ती धाराशिवला पोचली तेव्हा कॉट रिकामी होती.

तेव्हापासून बघणं सुरू झालं. कुकर लावता लावता बघायचं, रिक्षात बघायचं, ग्रंथालयात पुस्तकावर शिक्का मारायचा आणि बघायचं. जेवताना तर घशाखाली घास उतरायच्या आधी. कॉटच्या पायाशी उन्हाचा चौकोन केव्हा येतो आणि केव्हा सरकून भिंतीवर जातो हे तिला पाठ झालं होतं. थंडीत फरशी गार पडते, आईची कंबर धरते. एकदा खालून उठताना तोल जाऊन तिचं मनगट मुरगळलं आणि डॉक्टर आईला सोडून राजेश्वरीलाच बोलले. हे सगळं खरं होतं, पण याच्याखाली एक गोष्ट होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. रिकामी कॉट दिसली की तिला वाटायचं, आई आपल्याशी बोलते आहे. तू त्यांना खाली घेऊ दिलं नाहीस, बघ, मी खाली आले. तोंडानं काही न बोलता आई रोज दुपारी हेच सांगते आहे आणि जोवर ती कॉटवर पाठ टेकत नाही तोवर आपल्याला माफी नाही. शिवशंकर ढोकीच्या साखर कारखान्यात नोकरीला होता. गळीत हंगामाच्या धावपळीत त्याला स्वतःच्याच जेवणाची शुद्ध नसायची, तरी सुरुवातीला तो चेष्टा करायचा, "अगं, ती झोपलीय. झोपलेल्या माणसाचं काय बघतीस इतकं?" मग म्हणायचा, "हा नाद सोड राजे." अलीकडं ती मोबाईल उघडून बसली की तो उठून गॅलरीत जायचा आणि रोपांना पाणी घालायचा, घातलेलं असलं तरी.

मधे एकदा, माघात, आई कॉटवर झोपली. सलग काही दिवस. राजेश्वरीनं पहिल्या दिवशी बघितलं तेव्हा खरं वाटेना, दुसऱ्या दिवशी वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी तिला इतकं हलकं वाटलं की तिनं फोनच उघडला नाही. ती लेकीकडं पुण्याला जाऊन आली. शिवशंकरबरोबर एका लग्नाला गेली, तिथं पोटभर जेवली, बायकांत बसून हसली. तुळजापूरला जायचं राहिलं. आईला फोन करायचाही राहिला, कारण आई बरी होती, कॉटवर होती, काळजीचं कारण उरलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली. मग एका दुपारी सहज म्हणून बोट फिरवलं आणि कॉटवर कुणी नव्हतं. त्या वेळी तिला आप्पांचं बोलणं आठवलं होतं. परत पहिल्यापासनं. संध्याकाळी ती तुळजापूरच्या दारात उभी होती.

आणि आज? टेबलावर कोपर टेकून ती स्वतःलाच विचारत होती. परवा दसरा झाला. देवी निद्रेत आहे. आज अख्खं जुनं तुळजापूर भुईवर झोपलेलं असेल, आईनं कॉटवर पडायचंच नाही, पडली तरच आश्चर्य. म्हणजे निदान हे दिवस तरी रिकाम्या कॉटचा काही अर्थ नव्हता. हे दिवस तिला सुट्टी होती. तरी सकाळपासून ती बघत होती आणि डबा समोर ठेवून सोनालीला तेच गाऱ्हाणं सांगत होती. सोनालीनं काही नवं विचारलं नव्हतं. तिच्यासमोर होतं तेवढंच बघून विचारलं होतं. राजेश्वरीला एकदम फार दमल्यासारखं झालं, हाडांतून दमल्यासारखं. लढून दमलेल्या देवीला झोपायला मिळतं, गाव तिच्यासाठी भुईवर येतं, आणि आपल्याला हातातला फोन खाली ठेवता येत नाही. विचारून टाकावं आईला. एकदाच तोंडानं विचारावं, मग ती काय सांगायचं ते सांगू दे. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, किल्ल्या शिपायाकडं दिल्या आणि स्टँडवर आली. मोबाईल तिनं पर्सच्या तळाशी ठेवला, वर डबा ठेवला, आणि पर्सची साखळी ओढून घेतली.

बसमध्ये हात दोनदा पर्सकडं गेला आणि तिनं तो मांडीखाली दाबून धरला. बाहेर रस्त्याच्या कडेनं कोजागरीसाठी निघालेली माणसं अनवाणी चालत होती, खांद्यावर भगवे झेंडे, पायांना फडकी बांधलेली. शेतांत सोयाबीनची मळणी चालू होती आणि धुळीत माणसांचे नुसते आकार दिसत होते. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. आई, तुझा माझ्यावर राग आहे का. नको, असं नको. आई, त्या दिवशी मी चुकले का. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर मोडायचं आणि ती पुन्हा सुरुवातीपासून जुळवायची. हे आपण काय करतो आहोत हे कळल्यावर तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकी थोडी लावून घेतली, वारं लागत असेल असं समजून.

दारात शिवम्मा तूर निवडत बसली होती. "अक्का, पोरगी आली बघा," तिनं आत आवाज दिला आणि सूप घेऊन आपल्या घरात गेली. आई, लक्ष्मीबाई, खोलीत सतरंजीवर बसून वाती वळत होती. समोर कापसाचा पुंजका, शेजारी राखेची वाटी. तिनं मान वर करून लेकीकडं बघितलं, मग देव्हाऱ्यावरच्या फळीकडं बघितलं, मग पुन्हा लेकीकडं.

"मुंडी तर हलली न्हाय," आई म्हणाली. "तू कशी आलीस?"

"कुणाची मुंडी?"

"त्याची गं." आईनं हनुवटीनं कॅमेरा दाखवला. "तू बघाया लागलीस की टक् करतंय अन् हिकडं फिरतंय. जेवायच्या वक्ताला फिरलं व्हतं, त्येच्यानंतर गप हाय. म्हटलं, आज राजीला लई काम दिसतंय."

राजेश्वरी उंबऱ्यातच बसली. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या तिनं आता काढल्या. "तुला कळतं मी बघते ते?"

"न कळायला काय झालं? सकाळी कुकर लावताना एकदा. हापिसात गेल्यावर. जेवताना तर हमखास. म्या बी तवाच आडवी व्हते मग, तुला दिसावं म्हणून." आईनं वात राखेच्या बोटानं पीळ देऊन बाजूला ठेवली. "पाणी घे. तोंड उतरलंय तुजं."

पाणी तिनं घेतलं नाही. आता पाणी घेतलं तर चहा होईल, चहा झाला तर शिवम्मा येईल, आणि विचारायचं राहून जाईल. ती म्हणाली, "आई, मी आप्पांना खाली घेऊ दिलं नाही. तुम्ही दोघी म्हणत होतात, तरी मी अडवलं. त्याचा राग हाय ना तुला? म्हणून तू कॉटवर झोपत न्हाईस." दोन वर्षं पोटात वागवलेली गोष्ट दोन श्वासांत बाहेर आली. बाहेर आल्यावर ती इतकी लहान दिसली, की एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतके दमलो का, असं तिला वाटून गेलं.

आईचे हात थांबले. ती आठवत होती, आणि तिला आठवावं लागतं आहे हेच राजेश्वरीच्या जिव्हारी लागलं. "ते व्हय," आई शेवटी म्हणाली. "मला कुठं सुद व्हती बाई, कॉट का भुई बघायची. त्यांचा हात तुज्या हातात व्हता, एवढंच ध्यानात हाय माज्या. चांगलं गेले. पोरीच्या हातात हात देऊन गेले."

"मग कॉटवर का झोपत नाहीस?"

आईनं कापूस उचलला, त्यातली सरकी शोधून काढली, बोटांत धरून बघत राहिली. चोरी सापडलेल्या लहान पोराचं असावं तसं हसू तिच्या तोंडावर आलं आणि गेलं. "झोपले व्हते की माघात. मऊ हाय. कंबर बी दुखायची ऱ्हायली."

"मग?"

"मग तुजा फोन येईना झाला." आई सरकीकडं बघतच बोलत होती. "मुंडी हलंना, फोन वाजंना, तू बी येईनास. म्हटलं, मशीन बिघडलं का काय. शिवम्माला दावलं. ती म्हणली, अक्का, तुमी कॉटवर झोपाय लागलात न्हवं, पोरगी निवांत झाली. मग म्या एक डाव खाली पडून बघितलं." तिनं सरकी बाजूला टाकली. "सांजच्याला तू दारात उबी."

राजेश्वरीला काय वाटलं ते तिलाच धड कळलं नाही. राग आला, खूप आला. मुरगळलेलं मनगट, डॉक्टरांची बोलणी, गॅलरीत रोपांना पाणी घालणारा नवरा, गिळवत नसलेले घास, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. त्या रागाच्या पाठोपाठ इतकी लाज वाटली, की राग टिकला नाही. माघात आपण किती सुखात होतो, आणि त्या सुखात आई कुठंच नव्हती. "आई, तू फरशीवर दिसलीस की माझा जीव खाली-वर होतो गं," ती म्हणाली.

"व्हय, ठाऊक हाय मला," आई म्हणाली. ते म्हणताना तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की राजेश्वरीनं दुसरीकडं बघितलं.

मग चहा झाला. राजेश्वरीनं तो केला आणि दोघींनी बशीतून घेतला. राजेश्वरी म्हणाली, कोजागरीला देवी उठली की तू कॉटवर झोपायचंस, मी रोज फोन करीन, कॅमेरा न बघता करीन, दर रविवारी येईन. आई म्हणाली, "करशील की. येशील." तिच्या बोलण्यात शंका नव्हती आणि भरवसाही नव्हता, पोरांना शाळेतून आल्यावर देऊ म्हणतात तसलं ते होतं. राजेश्वरीला हरिबा आठवला. त्याचं बरं होतं, त्याला समोरच्या दुकानात एक माणूस होता. उठून यायचा, कुलूप ओढायचा, लागलंय म्हणायचा, घरी पाठवायचा. आता इथं दोघी होत्या, एक बघणारी आणि एक बघायला लावणारी, आणि समोरचं दुकान बंद झालं होतं. दोघींना घरी कुणी पाठवायचं?

"पड जरा," आई म्हणाली. "दमलीयास." दोघी सतरंजीवर आडव्या झाल्या, उशीशिवाय, हाताची उशी करून, राजेश्वरी कॉटच्या बाजूला आणि आई देव्हाऱ्याच्या. फरशीचा गारवा पाठीला लागत होता आणि बरं वाटत होतं. कॉट ती पहिल्यांदाच खालून बघत होती. पट्ट्या, गंजलेले स्क्रू, दांड्याचं दातेरी चाक. दोन वर्षं जिच्यात तिला आईचा रुसवा दिसत होता ती ही एवढीच वस्तू, कुणाच्या तरी उपयोगाची, उद्या देऊन टाकली तरी चालेल अशी. आईचा श्वास संथ झाला. गल्लीतून यात्रेकरूंचा आवाज येत होता, लांबून, मंदिराच्या बाजूनं. उन्हाचा चौकोन कॉटच्या पायावरून भिंतीकडं निघाला होता आणि तो कुठवर आला असेल हे राजेश्वरीला न बघताच कळत होतं. बऱ्याच दिवसांनी डोक्यात काही चालू नव्हतं. डोळे मिटत आले.

पर्समधून मोबाईल केव्हा निघाला हे तिला कळलं नाही. हातानं तो आपला आपण शोधला असावा. अंगठ्यानं नेहमीची जागा दाबली, पडद्यावर दार आलं, दारात तिच्या चपला. बोट फिरलं. देव्हाऱ्यावर टक् असा आवाज झाला आणि त्या पांढऱ्या डोक्यानं मान वळवली. कॉट दिसली. कॉटवर कुणी नव्हतं. खाली दोन बायका झोपलेल्या होत्या.

आवाजानं आई हलली. डोळे न उघडताच तिनं पदर डोक्यावरून घेतला, पाय लुगड्यात ओढून घेतले आणि कूस बदलून तोंड फळीकडं केलं. "आली बघ राजी," झोपेनं जड झालेल्या आवाजात ती शेजारी असेल त्याला म्हणाली. राजेश्वरीकडं आता तिची पाठ होती. मोबाईलमध्ये मात्र आईनं डोळे उघडले होते, आणि ती तिच्याकडंच बघत होती.